आग्या मोहोळाच्या कड्याखाली

तो माणूस मला पहिल्या भेटीतच आवडला नव्हता, तरी मी त्याच्याबरोबर तीन हिवाळे काम केलं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सांगताना मी स्वतःला फार शहाणी ठरवीन.

वेल्ह्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही भेटलो. पुण्यात त्याची सहलींची कंपनी होती आणि त्याला इथली वाटाडी बाई हवी होती, कारण त्याच्या सहलींना बायका जास्त यायच्या. माझं माहेर पासलीच्या वरच्या अंगाला आहे, सासर विंझरला. भोरच्या कॉलेजात मी बी. ए. केलं. झाडांचा अभ्यास करायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी चार-पाच वर्षं रानवाटा दाखवत होते, त्यातल्याच कोणीतरी माझं नाव त्याला दिलं होतं.

"तुला प्राण्यांचे माग ओळखता येतात?" त्यानं विचारलं. मी वयानं त्याच्याहून मोठी होते. त्याचं पहिलंच वाक्य 'तुला'नं सुरू झालं. मी "हो" म्हटलं.

पुढं कळलं की पाहुण्यांसमोर तो मला 'आपल्या ताई' म्हणतो. "आपल्या ताई याच मातीतल्या आहेत, यांना जंगल बोलतं," असं सांगायचा. पाहुणे वळले की, "ए, त्या पाण्याच्या बाटल्या भरून आण." मी त्याला 'सर' म्हणत राहिले. पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघायचे, भेकराचा खूर दाखवला की गुडघ्यावर बसून फोटो काढायचे, शेकरूचं घरटं दाखवलं की टाळ्या वाजवायचे. सासरी माझ्या या ज्ञानाला कोणी विचारत नव्हतं. टाळ्या मला आवडायच्या, आणि त्यासाठी मी त्याचं बरंच चालवून घेतलं.

सहल तीन दिवसांची असे. पहिल्या दिवशी तोरण्याच्या कुशीतून चाल, दुसऱ्या दिवशी देवराई आणि तिच्या वरचा धनगरवाडा, तिसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरून उतरणं. धनगरवाडा म्हणजे तीनच घरं, कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली. त्यातली दोन बंद होती, माणसं खाली गेलेली. तिसऱ्या घरात एक म्हातारी आणि तिचा मुलगा राहायचा. मुलगा दिवसभर म्हशी आणि शेरडं घेऊन रानात असे. म्हातारी घरी. घराच्या मागं उंच कडा होता आणि कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पोळी लोंबायची, काळी, सुपाएवढी. देवराई घराच्या पुढच्या उतारावर होती.

म्हातारीची आणि माझी ओळख जुनी. माझे वडील तिच्या घरी तांदूळ घेऊन जायचे आणि तूप घेऊन यायचे, मी त्यांच्या मागं मागं. वडील अंगणाच्या कडेला, दगडावर बसायचे. तिथून पुढं ते कधी गेले नाहीत आणि त्यांना कोणी बोलावलंही नाही. आम्ही बौद्ध. देवराईत आमच्या घरातलं कोणी पाऊल टाकत नसे. आधी टाकू देत नव्हते म्हणून, आणि नंतर आम्हालाच टाकायचं नव्हतं म्हणून. मी पाहुण्यांना घेऊन पहिल्यांदा तिच्या अंगणात उभी राहिले, तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तांदूळवाल्याची पोर न्हवं तू?"

"व्हय, आजी."

"आता मानसं घिऊन येतीस व्हय," ती म्हणाली आणि आत गेली. तिनं अडवलं नाही. पण एवढ्या पाहुण्यांपैकी कोणाशी ती आपणहून बोलली नाही, माझ्याशी तर नाहीच. ती दारात उभी राहायची, पाहुणे तिचे फोटो घ्यायचे, आणि तिच्या कपाळावरची आठी कधी सुटायची नाही. कंपनीच्या जाहिरातीत त्या आठीखाली लिहिलं होतं, डोंगरातलं आदरातिथ्य.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, पळस फुलला होता तेव्हा, आमचं पहिलं मोठं भांडण झालं. पाहुणे बारा होते. देवराईच्या तोंडाशी पाहुण्यांनी चपला-बूट काढले. आत तांदळे आहेत, म्हणजे देव मानलेले अनघड दगड, शेंदूर फासलेले, वर जांभळाची आणि हिरड्याची जुनी झाडं, आणि गारंबीचे वेल मांडीएवढे जाड. मी नेहमीप्रमाणे बाहेरून माहिती सांगितली. इथली वाळली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, झाड आपोआप पडलं तरी ते जागेवरच कुजतं, म्हणून हे रान टिकलं. तेवढ्यात त्यानं मला बाजूला घेतलं आणि पिशवीतून नऊवारी लुगडं, हळदीकुंकू आणि नारळ काढला.

"हे नेस. देवीची पूजा कर. पाच मिनिटांचं काम आहे. एक जण व्हिडिओ करणार आहे."

"सर, मी पूजा करत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला सगळं माहीत आहे. पाहुण्यांना माहीत नाही. त्यांना काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"नोकरी आहे ही," तो म्हणाला. "पाहुण्यांना संस्कृती बघायची आहे. वर्गातलं व्याख्यान नको आहे त्यांना."

आम्ही हळू बोलत होतो, पण बाराही माणसं ऐकत होती. त्यांत एक निवृत्त मास्तरीण होत्या, साठीच्या पुढच्या. दोन दिवसांत खरे प्रश्न त्या एकट्यांनीच विचारले होते. त्या मध्ये पडल्या. "राहू द्या ना, त्यांना नसेल करायचं."

त्यानं हसून त्यांना म्हटलं, "मॅडम, ताई लाजतायत."

मला तेव्हा त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली. हे लिहिताना अजून वाटते. पण मी काही बोलण्याआधी वरून आवाज आला. म्हातारी उतारावर उभी होती, हातात शेणाची पाटी.

"तिला कशाला सांगतोस? त्यो तिचा देव न्हाई."

मला बरं वाटायला हवं होतं. पण ती ज्या सुरात म्हणाली त्यात माझी बाजू घेणं नव्हतं. त्यात नुसती हद्द होती, तिची तिच्या जागी, माझी माझ्या जागी. तिनं त्याच्याकडंही त्याच नजरेनं पाहिलं. "आन नारळ फोडायचा तर आमी फोडतो, आमच्या दिसाला. खेळ न्हाई त्यो."

त्यानं लुगडं पिशवीत कोंबलं. तिथून धनगरवाड्यापर्यंतच्या चढावर तो मला मागं टाकून पुढंच चालत राहिला.

अंगणात पोचल्यावर त्यानं एक पेटी उघडली. त्यात ड्रोन होता, नवा. देवराईतला व्हिडिओ फसला होता, म्हणून त्याला आता कड्याचा आणि तीन घरांचा वरून व्हिडिओ हवा होता. मला पाहताक्षणी कळलं. मी त्याच्या जवळ गेले.

"सर, कड्याला आग्या आहे. ते यंत्र तिकडं नेऊ नका. आवाजानं माश्या उठतील."

"मी लांबून घेतो."

"लांब म्हणजे किती? मागच्या वर्षी पलीकडच्या कड्याला शिट्ट्या मारल्या म्हणून उठल्या होत्या. सकाळीसुद्धा मी तुम्हाला सांगितलं होतं, इथं अत्तर मारून येऊ नका, आवाज करू नका."

"तुझं काम वाट दाखवायचं. दाखवलीस. आता बस."

म्हातारी गोठ्यापाशी होती. तिला ड्रोन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण कड्याकडं बोट गेलेलं तिनं पाहिलं. "आरं बाबा, तिकडं काय बी करू नगं," ती ओरडली. त्यानं हात जोडून तिला नमस्कार केला, जणू ती व्हिडिओत येणार होती.

ड्रोन वर गेला. आधी घरांवर, मग गोठ्यावर, मग कड्याच्या दिशेनं. पाहुणे माना वर करून बघत होते. मी मास्तरीणबाईंना म्हटलं, "घरात चला." त्यांनी का म्हणून विचारलं आणि मी उत्तर देईपर्यंत एका पोळ्याचा रंग बदलला. काळं होतं ते हललं, जणू अंगावरून शाल झटकली. मग आवाज आला. ज्यानं तो ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. तो आवाज एका दिशेनं येत नाही, चहूकडून येतो.

"डोकं झाका, घरात पळा," मी ओरडले. "मारू नका त्यांना, हात उडवू नका."

माणसं हात उडवतच पळाली. दार बुटकं होतं. एकावर एक पडले. मी आठ-नऊ जणांना आत ढकललं. मानेवर, कानामागं, पापणीवर डंख बसत होते आणि मी मोजणं सोडून दिलं. मास्तरीणबाई अंगणात मध्येच गुडघ्यावर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी तोंड झाकून. त्यांचे पांढरे केस माश्यांनी काळे झाले होते. मी त्यांना खांद्याखाली धरून ओढत नेलं. म्हातारीनं आतून घोंगडं फेकलं आणि आमच्या दोघींवर पाडलं. मग तिनं उंबऱ्यात गोवऱ्या पेटवून त्यावर ओला पाला टाकला. दारात धुराची भिंत उभी राहिली. सगळे खोकत होते, पण माश्या आत येणं थांबलं.

मी आत माणसं मोजली. बारा. तो नव्हता.

"सर कुठं आहेत?" कोणीतरी विचारलं.

एक पाहुणा म्हणाला, "ते सगळ्यात आधी पळाले. वाटेनं खाली."

त्याच वेळी बाहेरून दुसरा आवाज येऊ लागला. गोठ्याच्या बाहेर खुंट्याला म्हातारीची रेडी बांधलेली होती, पहिल्याच वर्षातली. म्हशी रानात होत्या, ही एकटीच घरी. ती दावं ताणून ओरडत होती. म्हातारी उठली. मी तिचा हात धरला.

"आजी, जाऊ नका. मराल."

"सोड."

मी सोडला नाही. ती माझ्या हाताला चावली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तरीही मी सोडला नाही. आणखी एका बाईनं तिला कमरेला धरलं. रेडी बराच वेळ ओरडली. मग तिचा आवाज घोगरा झाला आणि मग थांबला. म्हातारी खाली बसली. ती रडली नाही. धुरातून माझ्याकडं बघत म्हणाली, "तू धरलंस मला."

मला अजूनही वाटतं की मी बरोबर केलं. तिला वाटतं, नाही केलं.

दुपार कलायच्या वेळी माश्या शांत झाल्या. मास्तरीणबाईंचा चेहरा ओळखू येत नव्हता, ओठ सुजून बोलता येत नव्हतं, श्वास घरघरत होता. आम्ही नखानं काटे खरवडत होतो. तेवढ्यात तो परत आला, पासलीच्या बाजूच्या चार माणसांना आणि एक डोली घेऊन. हे मला मान्य केलं पाहिजे. तो पळाला आणि त्यानंच माणसं आणली. आधी भिऊन पळाला आणि वाटेत मदतीचं सुचलं, की मदतीसाठीच पळाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाईंना डोलीत घालून खाली उतरवलं आणि जीपनं वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला.

डोली निघताना मी त्याला म्हटलं, "त्यांची रेडी मेली."

"आत्ता?" तो म्हणाला. "आत्ता हे सांगतेस मला?" तो गोठ्याकडं गेला नाही. म्हातारी रेडीच्या गळ्यातलं दावं सोडत होती. तिच्यासमोरून आम्ही सगळे उतरलो. मीही उतरले.

चार दिवसांनी त्यानं सहलीच्या सगळ्या पाहुण्यांना निरोप पाठवला. स्थानिक वाटाड्यानं धोक्याची पूर्वकल्पना दिली नाही, सबब यापुढं कंपनी त्या व्यक्तीबरोबर काम करणार नाही. माझं नाव नव्हतं, पण वाटाडी मी एकटीच होते. तो निरोप फिरत फिरत विंझरला माझ्या दिराच्या मोबाईलवर आला. मी त्या कंपनीवाल्याला फोन केला. त्यानं उचलला.

"मी सकाळी सांगितलं होतं, अंगणात सांगितलं होतं. दोनदा."

"पुरावा आहे?"

"बारा माणसं होती."

"त्यातल्या एकाला विचार," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी मास्तरीणबाईंना फोन केला. त्यांच्या मुलानं घेतला. आईला त्रास देऊ नका, तुमच्या लोकांमुळं ती मरता मरता वाचली आहे, असं म्हणाला. 'तुमच्या लोकांमुळं' म्हणजे नक्की कोणामुळं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी फोन ठेवला.

तक्रार केली ती म्हातारीनं. पायी उतरली, पासलीहून एसटी धरली आणि वनखात्याच्या ऑफिसात जाऊन बसली. रान आमचं, मोहोळ आमचं, रेडी आमची, ह्यांना कोणी उडवायला सांगितलं? आम्हाला तिघांनाही बोलावणं आलं. तो पांढरा शर्ट घालून आला होता, बरोबर फायली. म्हातारी बाकावर न बसता भिंतीला टेकून खाली बसली होती. साहेब सभ्य होते, सगळ्यांचं लिहून घेत होते.

तो म्हणाला, "मी तिथला रहिवासी नाही. म्हणूनच स्थानिक वाटाड्या नेमतो. या बाईंनी मला मोहोळाबद्दल काही सांगितलं नाही."

मी म्हटलं, "खोटं बोलताय तुम्ही." तीन वर्षांत पहिल्यांदा 'सर' लागलं नाही.

साहेबांनी म्हातारीला विचारलं, "आजी, तुम्ही तिथं होता. या बाईंनी सांगितलं होतं का यांना?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिला माझ्यासाठी हो म्हणायचं काही कारण नव्हतं.

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "म्या आयकलं. म्या बी सांगितलं. त्यानं हात जोडलं मला, आन उडवलं." मग तिनं बोट माझ्याकडं केलं. "पन ह्याला वर आनलं हिनंच. ल्हानपनापास्नं वाट म्हाईत हाय हिला. हिनं आनलं नस्तं तर ह्यो कुठनं येतोय? हे बी लिवा."

साहेबांनी तेही लिहिलं. मला खोडून काढता आलं नाही. मी सही केली.

त्याला बजावण्यात आलं, ड्रोनबद्दल वेगळी चौकशी झाली, आणि देवराईपासून पुढं सहलींना मनाई झाली. भरपाईचा विषय निघाला तेव्हा म्हातारी म्हणाली, "कागूद नगं. रेडी दे. आन तूच चढवून आन वर, तुज्या हातानं." तो "पाठवतो" म्हणाला.

त्यानं पाठवली. टेम्पोनं पासलीपर्यंत आणून रस्त्याकडेला एका खांबाला बांधून टेम्पोवाला निघून गेला. सकाळपासून ती उन्हात उभी होती. दुकानदारानं मला फोन केला, कारण ती कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं आणि माझं नाव त्या प्रकरणात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू कशाला? तुझं काय त्यात?" मी स्कूटर काढली.

रेडीला आधी पाणी पाजलं. मग चढ. सवय नसलेलं जनावर डोंगर चढत नाही. ती चार पावलं चालायची आणि बसायची. मी पुढून ओढलं, मागून ढकललं, शिव्या दिल्या. शिव्या सगळ्या तिला पाठवणाऱ्याला होत्या, पण खात होती ती. देवराईच्या बाहेरून लांबची वाट घेतली, त्यात आणखी तास गेला. अंगणात पोचले तेव्हा माझे तळहात दाव्यानं सोलले होते.

म्हातारी दारात होती. तिनं रेडीचे दात पाहिले, पोटाखाली हात घातला, खूर उचलून पाहिले.

"खालची हाय. हितली हवा हिला मानवनार न्हाई," ती म्हणाली. "त्यो का न्हाई आला?"

"तो येणार नव्हता, आजी."

"मंग तू कशाला आलीस?"

"तिला उन्हात बांधून गेले होते."

तिनं माझ्या हातातून दावं घेतलं. मला वाटलं होतं की ती काहीतरी बोलेल. आता हे लिहिताना कळतं की मी तेवढ्याचसाठी चढले होते. रेडी होतीच, पण तेवढ्याचसाठी. ती रेडीला घेऊन गोठ्याकडं वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "अंधाराच्या आत उतर."

मी उतरले. त्या वर्षी मी दुसऱ्या कोणाबरोबर काम धरलं नाही. त्याची कंपनी आता भोरच्या बाजूच्या डोंगरात सहली नेते, दुसरी वाटाडी बाई घेऊन. मी तिचा नंबर मिळवला आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, माझ्याशी तर ते नीट वागतात. मी म्हटलं, बरं.

पाऊस संपल्यावर भात कापणीला माहेरी गेले होते, तेव्हा राहवलं नाही. वर गेले. कड्याला पुन्हा पोळी धरायला लागली होती. म्हातारी अंगणात गवत पसरत होती. मी लांबच, अंगणाच्या कडेला थांबले आणि विचारलं, "रेडी जगली का?"

"जगली," ती म्हणाली. गवत पसरणं थांबवलं नाही. "आता परत ईऊ नगं."

मी पुन्हा गेलेले नाही.